लॅपटॉपची किंमत आणि मोल

किंमत म्हणजे आपण देतो ते आणि मूल्य म्हणजे आपल्याला मिळते ते, हा भेद वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आम्हांला सांगितला जातो. परीक्षेपुरता तो सगळ्यांनाच पाठ असतो. मला मात्र त्याचा खरा अर्थ वर्गात नव्हे, तर घरी कळला. आणि तो शिकविला एका बंद पडलेल्या लॅपटॉपने.

माझे बाबा विद्यानगरातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात व त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरतात. मासिक विवरणपत्राची शेवटची तारीख सामान्यतः २० असते. गेल्या वर्षी एका महिन्याच्या १८ तारखेलाच लॅपटॉपची बिजागरी निखळली, तिच्यातून जाणारी तार तुटली आणि पडदा काळा झाला. दुरुस्तीला आठ दिवस लागतील असे कळले. विवरणपत्र उशिरा भरले तर दररोज ५० रुपये विलंबशुल्क, शिवाय थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. रक्कम एक वेळ भरून टाकता येते. पण ज्याने विश्वासाने कागद सोपविले, त्या व्यापाऱ्याला तोंड कसे दाखवायचे? नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावले. बाबांनी दोन रात्री शेजारच्या काकांच्या संगणकावर बसून काम पुरे केले. मग मला म्हणाले, "तू कॉमर्स शिकतेस ना? आता तूच बघून सांग, कोणता घ्यायचा."

मी सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये गेले. हैदराबादकरांना संगणकांचा हा बाजार ठाऊक आहेच. दुकानागणिक दोनच गोष्टी ऐकावयास मिळाल्या : प्रोसेसरचे नाव आणि सवलतीचा आकडा. एक दुकानदार तर म्हणाले, "आय-फाइव्ह है, आँख बंद करके ले जाओ!" परंतु डोळे मिटून घ्यावी अशी ही वस्तू नव्हे. नाव आय-फाइव्हच असले तरी क्रमांकाच्या शेवटी 'यू' अक्षर असल्यास तो प्रोसेसर वीज कमी घेतो. 'एच' असल्यास ताकद जास्त, पण उष्णता आणि विजेचा खर्चही जास्त. टॅली, एक्सेल आणि सरकारी संकेतस्थळे एवढ्या कामाला 'यू' पुरेसा आहे.

व्यवसायासाठी म्हणून बनविलेल्या लॅपटॉपांची घराणीच वेगळी आहेत. आयबीएमने थिंकपॅड १९९२ साली आणला. २००५ साली तो लेनोवोकडे गेला. डेलचे लॅटिट्यूड १९९४ पासूनचे. २०२५ साली डेलने ते नाव मागे घेऊन 'डेल प्रो' हे नाव सुरू केले. एचपीचे एलाइटबुक २००८ चे. कारखान्यांना आणि कचेऱ्यांना शेकड्यांनी विकावयाची असल्याने ही यंत्रे उघडून दुरुस्त करता यावीत, याकडे अधिक लक्ष दिलेले असते. तिन्ही कंपन्या दुरुस्तीची पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट देतात. वाचकहो, यंत्र घेण्यापूर्वी ती पुस्तिका अवश्य चाळावी. जाहिरातीत न सापडणारी माहिती तिच्यात असते.

मी थिंकपॅड टी१४, लॅटिट्यूड ५५५० आणि एलाइटबुक ८४० ही तीन यंत्रे निवडून त्यांना तीन कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी रॅमची. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसविलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. थिंकपॅड एक्स१ कार्बन हे त्याचे नामांकित उदाहरण. उलट, लॅटिट्यूड ५५५० व एलाइटबुक ८४० यांत रॅमसाठी दोन मोकळ्या खाचा असतात. टी१४ च्या पाचव्या आवृत्तीत तशी सोय आहे. म्हणजे आज १६ जीबी घेऊन पुढे गरजेप्रमाणे वाढविता येते. या कसोटीवर तिघेही उतरले.

दुसरी कसोटी बाबांच्या बोटांची. ते आकडे न पाहता टंकतात, उजव्या हाताने. टी१४ आणि एलाइटबुक ८४० हे १४ इंची; त्यांत आकड्यांच्या कळांचा वेगळा संच नसतो. लॅटिट्यूड ५५५० हा १५.६ इंची असून त्यात तो असतो. ज्याला रोज प्रवास आहे त्याला १४ इंचीच बरा, पण बाबांचा लॅपटॉप टेबलावरून क्वचितच हलतो.

तिसरी कसोटी हमीची. हमी किती वर्षांची, यापेक्षा ती कशी आहे हे पाहावे. माणूस घरी येऊन दुरुस्त करणार, की यंत्र आपण नेऊन द्यायचे? १८ तारखेला नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा ठरला होता. तीन वर्षांच्या हमीतही बॅटरीची हमी अनेकदा एकच वर्षाची असते, हेही कागदावर वाचून घ्यावे.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एक लॅपटॉप ४८,००० रुपयांचा. तो तीन वर्षांत निकामी झाला, तर वर्षाला १६,००० रुपये पडले. दुसरा ७८,००० चा. मध्ये ६,००० ची बॅटरी बदलली, सहा वर्षे वापरला आणि शेवटी १२,००० ला विकला. एकूण खर्च ७२,०००, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये. महाग दिसणारा स्वस्त ठरला! मात्र ही सहा वर्षे आपोआप मिळत नाहीत. बॅटरी, रॅम आणि कळफलक बदलता येत असतील तरच ती मिळतात. कंपनी कायदा, २०१३ च्या परिशिष्टात लॅपटॉपचे आयुष्य तीन वर्षे धरले आहे. घसाऱ्यासाठी ते ठीक, पण घरच्या वहीत आयुष्य आपणच वाढवायचे असते.

करही विसरू नये. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ७८,००० मध्ये सुमारे ११,९०० रुपये कराचेच. नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावर हा कर वळता करून घेता येतो. मात्र त्याच कराच्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. बाबांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याने त्यांना तो पूर्ण सोसावा लागतो. म्हणून दोघांसाठी एकाच लॅपटॉपची खरी किंमत वेगवेगळी असते.

कचेऱ्यांनी काढून टाकलेले जुने लॅपटॉपही बाजारात पुष्कळ येतात. ते घेणे गैर नाही. परंतु विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा तिच्या पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र कितीही चकचकीत दिसले तरी लोकांचे हिशेब त्यावर ठेवू नयेत.

अखेरीस आम्ही लॅटिट्यूड घेतला, घरी येऊन दुरुस्तीच्या हमीसह. तो तिघांत श्रेष्ठ म्हणून नव्हे, तर बाबांच्या उजव्या हाताला सोयीचा म्हणून. ज्याचे काम निराळे, त्याची निवडही निराळी. बाबांनी बिल फाइलला लावले आणि त्यावर पेन्सिलीने लिहिले : "भागिले सहा." यंदाच्या माझ्या अभ्यासाचे सार त्या दोन शब्दांत आले, असे मला वाटते.