पांढऱ्या टकिलाची पारख, शिंदखेड्याच्या बांधावरून

घायपात आपल्याकडे कुंपणाचं झाड. गुरं शेतात शिरू नयेत म्हणून ते बांधावर लावायचं, पानं कुजवून वाख काढायचा, वाखाचे दोर वळायचे. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात त्याच्या काट्याचा ओरखडा न उठलेला माणूस शोधावाच लागेल. याच घायपाताचा एक निळसर पानांचा भाऊ मेक्सिकोत आहे आणि त्याच्या गड्ड्यापासून गाळलेली, लाकडाला न लागलेली, पाण्यासारखी पांढरी टकिला मुंबईच्या दुकानात काही हजारांना विकली जाते. नाव ब्लांको, काही बाटल्यांवर प्लाटा किंवा सिल्व्हर. एवढे पैसे कशाचे, आणि ते वाजवी आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं?

शतावरीच्या घरातला पाहुणा

काटे बघून लोक घायपाताला निवडुंग म्हणतात, पण ते निवडुंग नाही. आपली औषधी शतावरी ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे घायपात, म्हणजेच अगेव्ह. टकिलासाठी त्याची एकच जात चालते, निळं अगेव्ह, आणि तीही हालिस्को राज्यात व इतर 4 राज्यांच्या ठरावीक तालुक्यांत वाढलेली.

कापूस 6 महिन्यांत घरात येतो, केळी वर्ष-दीड वर्षात. निळं अगेव्ह 6 ते 8 वर्षं घेतं. आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून ते फुलतं आणि मरतं. शेतकरी तो दांडा आधीच छाटतो, म्हणजे साखर गड्ड्यातच साठत राहते. पानं तासून उरलेला गड्डा थेट अननसासारखा दिसतो, वजनाला 30 किलोच्या पुढे, कधी त्याच्या दुप्पट. शुद्ध अगेव्हच्या 1 लिटर टकिलाला साधारण 7 किलो गड्डा लागतो. किमतीतला पहिला न्याय्य भाग हा, वर्षानुवर्षं अडकलेल्या जमिनीचा.

भाव पडला, बाटली नाही

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात उभं राहिलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. 2021-22 च्या सुमारास मेक्सिकोत अगेव्हचा भाव किलोला 30 पेसोच्या आसपास पोचला. मग जो तो अगेव्ह लावत सुटला, आणि काही वर्षांतच भाव कोसळून एक आकडी पेसोवर आला. ज्याने तेजीत लावणी केली त्याचं पीक मंदीत तयार झालं. बाटलीची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरली नाही. म्हणून ‘कच्चा माल महाग’ हे कारण कुणी सांगितलं, तर कोणत्या वर्षाचं, असं विचारावं.

लाकडाचा आधार नाही

व्हिस्कीला रंग, व्हॅनिलाचा वास आणि गोडवा पिंपातून मिळतो. टकिलातही रेपोसादो किमान 2 महिने आणि अन्येहो किमान 1 वर्ष ओकच्या पिंपात राहते. मुरवलेल्या या प्रकारांत कॅरमेलचा रंग, ग्लिसरीन, साखरेचा पाक, ओकचा अर्क थोड्या प्रमाणात मिसळायची मुभाही नियमाने दिली आहे. ब्लांको बहुधा थेट भट्टीतून बाटलीत जाते. अगेव्ह कोवळं असताना कापलं, घाईत शिजवलं, आंबवण बिघडलं, तर ते पहिल्याच घोटात उघडं पडतं. मला म्हणून ब्लांकोच सर्वांत प्रामाणिक वाटते. एखाद्या कारखान्याची पारख करायची असेल, तर आधी त्याची पांढरी चाखावी.

एक फसगत टाळा. क्रिस्तालिनो नावाची टकिलाही पाण्यासारखी दिसते. पण ती मुरवलेली असते आणि नंतर कोळशातून वगैरे गाळून तिचा रंग काढलेला असतो. दिसायला जुळी, चवीला वेगळी.

पहिल्या धारेची? नको

आपल्याकडे पहिल्या धारेचा दिमाख मोठा. टकिला गाळणारा मात्र पहिली धार बाजूला काढतो. तिला तो डोकं म्हणतो, शेवटच्या धारेला शेपूट, आणि ठेवतो मधलं काळीज. डोक्यात झोंबरे, लवकर उडणारे अंश जमतात, शेपटीत जड आणि ओशट वासाचे. नियमाप्रमाणे टकिला किमान 2 वेळा गाळावी लागते. काळीज नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे ठरवणाऱ्या माणसाचं नाक हाच त्या कारखान्याचा खरा ऐवज.

सातपुड्यात मोहाची गाळणारी जुनी माणसं धार विस्तवावर टाकून भडका बघतात. मेक्सिकोत मेझकाल ही अगेव्हचीच दुसरी दारू गाळणारे बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते बघतात. दोन्ही युक्त्या कडकपणा सांगतात, शुद्धता नाही. मेथॅनॉल जिभेला कळत नाही. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने 100 हून जास्त माणसं गेली. लेबल नसलेल्या पांढऱ्या बाटलीवर नाकाचे प्रयोग करू नयेत.

बाटली उलटी करून वाचा

पहिली खूण: ‘100 टक्के अगेव्ह’ हे शब्द. ते नसतील तर त्या टकिलातली निम्म्याच्या जवळपास, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत साखर उसाची किंवा दुसऱ्या कशाची असू शकते. उसाची दारू हवी असेल तर ती महाराष्ट्रात ढीगभर मिळते, तिला मेक्सिकोचं भाडं कशाला भरायचं?

दुसरी खूण मला फार आवडते. प्रत्येक अस्सल बाटलीवर ‘नोम’ या अक्षरांपुढे 4 आकडी क्रमांक असतो. तो कारखान्याचा. वेगवेगळ्या नावांच्या, वेगवेगळ्या भावांच्या बाटल्यांवर पुष्कळदा एकच क्रमांक सापडतो. त्या तंतोतंत एकच असतात असं नाही, पण फरक कशाचा हे विचारायचा हक्क तुम्हाला मिळतो. विटांच्या भट्टीत 2-3 दिवस शिजवलेलं अगेव्ह आणि मोठ्या प्रेशर कुकरसारख्या टाकीत काही तासांत शिजवलेलं अगेव्ह, यांच्या खर्चात आणि चवीत खरा फरक असतो. जाड काचेच्या बुचात नसतो.

आपल्या देशात आणखी एक थर चढतो. परदेशी टकिलावर 150 टक्के आयात शुल्क, वर राज्याचे कर. इथल्या भावातून आधी तो थर सोलून मगच त्या दारूबद्दल मत बनवावं.

आता चाखा

महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवानाही हवा, हे आधी.

मीठ-लिंबू बाजूला ठेवा. ती जोडी खराब टकिला गिळायला बरी, चांगलीची चव मात्र झाकते. ग्लास उभट, तोंडाशी थोडा निमुळता घ्या. पुस्तकं सांगतात की खोलीच्या तापमानाला चाखावी, पण धुळे जिल्ह्यातल्या मे महिन्याची खोली त्या पुस्तकांनी पाहिलेली नाही. 40 अंशांत नुसता स्पिरिटचा भपकाच नाकात जातो. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून काढा. बर्फगार मात्र करू नका, वास झोपतो.

नाक ग्लासात खुपसू नका, काठाशी धरा. पहिला वास भाजलेल्या रताळ्याच्या जवळचा यायला हवा, गोडसर आणि मातकट. तो शिजलेल्या अगेव्हचा. मग मिरी, लिंबाची साल, ओला पाला, कधी खारवलेल्या कैरीची आठवण. नुसतं व्हॅनिला आणि केकचं आयसिंग आलं, तर शंका घ्या, लाकूड न लागलेल्या दारूत ते आलं कुठून? छोटा घोट जिभेवर फिरवा, गिळा, तोंडाने श्वास सोडा. चांगल्या ब्लांकोची मिरमिर पसरते आणि ओसरते, मागे गोडवा राहतो. वाईटाची आग घशातच अडकून बसते. पैसे मी त्या मागे राहणाऱ्या चवीला देईन. ती क्षणात विझली, तर बाटली कितीही देखणी असो, महाग पडली.

टकिलाचे हिरे

खोटं वाटेल, पण खरं आहे. 2008 मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी टकिलाची वाफ करून, ती 800 अंश सेल्सियसच्या वर तापवून हिऱ्याचा अतिशय पातळ थर तयार केला. त्यांनी वापरली ती ब्लांकोच. पाणी आणि अल्कोहोल यांचं तिच्यातलं प्रमाण या कामाला नेमकं जुळलं. पुढच्या वर्षी त्यांना गमतीदार संशोधनाचं इग्नोबेल मिळालं.

हिऱ्यांवरून आठवलं. 2006 मध्ये एक टकिला 2,25,000 डॉलरना विकली गेली. बाटली प्लॅटिनम आणि पांढऱ्या सोन्याची होती. आणि 2017 मध्ये हॉलिवूडचा नट जॉर्ज क्लूनी व त्याच्या मित्रांची टकिला कंपनी डियाजिओ या बड्या मद्य कंपनीने 100 कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतली. तेव्हापासून नटांच्या टकिलांचं पेवच फुटलं.

आपलं घायपात, आपला मोह

दख्खनच्या घायपाताचीही दारू होते. डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यात भट्टी उभारून 2011 मध्ये ती गोव्यात ‘डेस्मंडजी’ नावाने विक्रीला आणली. तिला टकिला म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोचं आहे. पण ब्लांकोच्या शेजारी ठेवून ती चाखण्यासारखी आहे, आणि तिच्या भावात आयात शुल्काचा थर नाही.

मग मोह. तापीपलीकडे शिरपूरच्या वरच्या सातपुड्यात चैत्रात पहाटे झाडाखाली फुलं सांडतात. या झाडाला परागीभवनात वटवाघळांची साथ, तशीच मेक्सिकोतल्या अगेव्हलाही. तिकडे तर वटवाघळांसाठी शेतात 5 टक्के झाडं फुलू द्यायची मोहीम निघाली. मोहाचीही दारू लाकडाविना, फूल, पाणी आणि आच यांच्या जोरावर उतरते. पण मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने फुलं गोळा करण्यावरच बंधनं आली. शेजारच्या मध्य प्रदेशाने अलीराजपूरसारख्या आदिवासी भागात बचतगटांना मोहाची वारसा दारू गाळू दिली. नाझरेथ यांनीही मोहाची बाटली काढली. हालिस्कोच्या गड्ड्याला जो मान मिळतो तोच आमच्या फुलाला का मिळू नये? खान्देशातही अशी बाटली निघावी, आणि तिच्यावर छापलेलं असावं: फूल कुठल्या गावचं, गाळणारे कोण, किती वेळा गाळली.