अदमास आणि वय

पाहुणे किती आहेत हे कानी येताच घरातील आजी माप न घेता तांदूळ काढते आणि भात बेताचा होतो. माडावरून नारळ उतरविणारा पाडेली राशीकडे एक दृष्टिक्षेप टाकून नारळ किती निघाले ते सांगतो. न मोजता बांधलेल्या अशा अंदाजास आपल्या भाषेत अदमास असा नेमका शब्द आहे. वय वाढले म्हणजे हा अदमास बिघडतो, की अनुभवाने अधिक पक्का होतो? दोन्ही मते आपण ऐकतो. या बाबतीत प्रयोगांती जे दिसून आले आहे, ते आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

प्रथम अदमासाची रीत पाहू. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स याने १८७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घेवड्याचे काळे दाणे पांढऱ्या डबीत टाकावयाचे, क्षणभर पाहून आकडा सांगावयाचा आणि मग मोजून ताडून पाहावयाचे. असे त्याने हजाराहून अधिक वेळा केले. तीन किंवा चार दाणे असता तो एकदाही चुकला नाही. पाचापासून मात्र चुका होऊ लागल्या आणि संख्या वाढेल तशी चूकही वाढत गेली. म्हणजे चारपर्यंतची संख्या आपणांस जणू दिसते. त्यापुढील संख्येचा केवळ अदमास बांधावा लागतो.

या अदमासाचा एक नियम आहे. दोन ढिगांतील फरक ओळखता येणे हे वजाबाकीवर नव्हे, तर प्रमाणावर अवलंबून असते. दहा आणि वीस सुपाऱ्यांतील भेद कोणासही तत्काळ कळेल. शंभर आणि एकशे दहा यांतील भेद, दहाचाच असूनही, नजरेस कळणे कठीण. ही शक्ती आपण शाळेत येऊन शिकत नाही. सहा महिन्यांच्या बालकांनाही आठ आणि सोळा ठिपक्यांतील भेद जाणवतो, आठ आणि बारा यांतील जाणवत नाही. नऊ महिन्यांच्या सुमारास तोही जाणवू लागतो.

पुढे काय होते? २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी अकरा ते पंच्याऐंशी वर्षे वयाच्या दहा हजारांहून अधिक लोकांची परीक्षा घेतली. शालेय वयात अदमासाची सूक्ष्मता वाढत जाते, तिशीच्या सुमारास ती सर्वोच्च असते आणि त्यानंतर हळूहळू उतरू लागते, असे त्यांना आढळले. मात्र एकाच वयाच्या माणसामाणसांतही मोठा फरक दिसला. म्हणून केवळ वय पाहून कोणाच्या अदमासाविषयी निर्णय देणे योग्य नव्हे.

ही उतरण कशामुळे येते? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने यावर चांगला प्रकाश टाकला आहे. समजा, एका बाजूस मोठाले दहा नारळ आहेत आणि दुसऱ्या बाजूस लहान चौदा. डोळ्यांत भरतो तो मोठ्या नारळांचा ढीग. संख्येने अधिक असतो दुसरा. अशा वेळी आकाराचा मोह बाजूस सारून संख्येकडेच लक्ष द्यावे लागते. वृद्ध माणसे चुकतात ती मुख्यतः अशा ठिकाणी. संख्येची जाण त्यांच्यात शिल्लक असते. मंदावते ती दिशाभूल करणारी खूण दूर सारण्याची शक्ती. शिवाय त्याच संशोधनात निरोगी वृद्धांचे अंकगणित तरुणांच्या तोडीचे किंवा काहीसे सरसही आढळले.

आजीचा भात बेताचा होतो त्याचे कारणही येथे सापडते. तिच्यापाशी आयुष्यभर पारखलेली ओंजळ आणि ठरलेले भांडे ही पक्की परिमाणे असतात. भांडे बदलले, दिवा मंद असला किंवा कोणी घाई केली, की अदमास चुकू शकतो. वयपरत्वे डोळ्यांची बाहुली लहान होते, आतील भिंग पिवळसर होते आणि डोळ्यांत प्रकाश कमी शिरतो, हेही विसरू नये.

यावरून घरातील तरुणांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पातळ औषध आजोबांना नजरेच्या अदमासाने घेऊ देऊ नये; खुणा असलेले माप त्यांच्या हाती द्यावे आणि उजेडात द्यावे. रस्ता ओलांडताना त्यांना घाई करू नये. दुकानात सुटे पैसे मोजण्यास त्यांना वेळ लागला, तर त्यांच्या हातून पैसे ओढून घेऊ नयेत. सवकाश मोजले तर त्यांचा हिशेब बहुधा बरोबरच येतो. परंतु आजवर चोख व्यवहार करणारे माणूस थोड्या महिन्यांत नाणी-नोटांचा हिशेब वारंवार चुकू लागले, तर ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. ते मेंदूच्या विकाराचे पहिले लक्षण असू शकते. डॉक्टरांस वेळीच दाखवावे.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत जेव्हन्सचा प्रयोग घरी करून पाहा. मूठभर चिंचोके ताटात टाका, क्षणभर पाहून ताट झाका आणि प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा, मग मोजा. आजी-आजोबांनाही खेळास बसवा. असे वीस वेळा करून कोणाची चूक किती, हे मांडून पाहिल्याखेरीज मात्र कोणास हसू नका.