ग्वाल्हेरची आरती आणि आमच्या जत्रेची सूचना

वैशाख सरत आला की मार्कंडेय नदीकाठच्या आमच्या गावांत घसा बसलेली माणसे जागोजागी भेटतात. कुणाचा घसा कुस्तीच्या मैदानात ओरडून बसलेला असतो, कुणाचा शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळ्याचे संवाद म्हणून. होळीपासून पेरणीपर्यंतच्या दिवसांत लग्ने, जत्रा, नाटके, कुस्त्या सारे उरकायचे असते. ज्या गावात लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी भरते, तिथे तर घरोघर रंगरंगोटी, माहेरवाशिणींची रीघ आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले रस्ते! ह्या दिवसांत गावात जे पुकारले जाते, ज्यावरून भांडणे होतात आणि मिटतात, ते सगळे मराठीत. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की, त्यात काही विशेष आहे हे आमच्या ध्यानात यायला आम्हाला ग्वाल्हेरला जावे लागले.

आपल्या बेळगाव स्टेशनावर थांबणारी गोवा एक्सप्रेस पुढे ग्वाल्हेरवरूनच दिल्लीकडे जाते. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षक त्याच गाडीने गेलो. उन्हाळा असा की दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नव्हते. फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८ जून १८५८ हा त्यांच्या बलिदानाचा दिवस मानतात, आणि २००० सालापासून तिथे दरवर्षी जूनमध्ये बलिदान मेळा भरतो. झाशीहून ज्योत येते, कवी येतात, गर्दी लोटते. तोवर आमच्या शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे मेळा आम्हाला पाहता आला नाही. समाधी मात्र डोळे भरून पाहिली.

माहेरच्या तांब्यांची ही मनकर्णिका. तिच्या समाधीवर मराठीत कविता लिहिली तीही एका तांब्यांनीच, भास्कर रामचंद्र तांबे यांनी. ते ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी आणि १९४१ मध्ये वारले तेही ग्वाल्हेरातच. आपल्याकडे जुन्या पिढीला ती कविता ठाऊक आहे. पण उत्तर हिंदुस्थानात राणीचे नाव काढले की लहान पोरालासुद्धा सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता आठवते. त्यात वाईट काहीच नाही, ती कविता आहेच तशी ताकदीची. परंतु समाधी ज्या गावात, कवी ज्या गावचा, त्या गावात मराठी कविता ऐकायला आज किती कान उरले असतील, हा विचार मनातून जाईना.

वास्तविक ग्वाल्हेरला मराठीचे काय कमी होते? दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्याचेच पुढे लष्कर हे शहर झाले. मराठी साहित्य संमेलन १९२८ मध्ये ग्वाल्हेरला माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि लगेच पुढच्या वर्षी आपल्या बेळगावला शिवराम महादेव परांजपे यांच्या. १९६१ मध्ये पुन्हा ग्वाल्हेरलाच कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. एका मोहल्ल्याचे नाव आजही 'शिंदे की छावणी' आहे. शिंदे राहिले, छावणी राहिली. फक्त मधल्या 'ची'चा 'की' झाला.

लष्करात एका वृद्ध गृहस्थांकडे आमचा चहा झाला. त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, थोडी जुन्या वळणाची. "आपण बसावे" असे म्हणणारी. त्यांचा नातू आमचे सारे समजत होता, उत्तर मात्र हिंदीत देत होता. गणपतीचा विषय निघाला तेव्हा आजोबा म्हणाले, "आमच्या मंडळात आरत्या अजून मराठीतच होतात. आरती संपली की सूचना हिंदीत." त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही; असते तसे सांगितले.

ग्वाल्हेरच्या मराठीला दरबार होता, सरदारांचे वाडे होते, देवळे होती. तिच्यापाशी नव्हती ती खेडी. भोवतालच्या चंबळेच्या मुलखात शेतकरी आपापल्या हिंदी बोलीच बोलत आला. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, दरबार संपला, आणि मराठी घरात आणि देवघरात जाऊन बसली. आपल्याकडे उलट आहे. १९५६ पासून कचेरी आपली राहिली नाही, पण नांगर, बाजार आणि जत्रा मराठीत राहिली. बेळगावात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही १९४६ च्या मे महिन्यात, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील संमेलनात, म्हणजे ऐन जत्रांच्या दिवसांत. सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. तो चालेल तसा चालेल. जत्रेत सूचना कोणत्या भाषेत द्यायची हे ठरवायला मात्र न्यायालय लागत नाही.

आमच्या गावच्या जत्रा कमिटीत हा प्रश्न गेल्या खेपेस आलाच. तरुण सभासदांचे म्हणणे, पत्रिका इंग्रजीत काढू, मोबाईलवर सगळीकडे जाईल. नाटकाला माणसे बसत नाहीत, त्याऐवजी ऑर्केस्ट्रा आणू. बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली, एक जण रागाने उठूनही गेला. शेवटी पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये काढायची ठरली, कारण शेजारच्या गावचे कानडी पाहुणे आपल्याच पंगतीत बसतात आणि आमचे भांडण त्यांच्याशी कधीच नव्हते. वर्गणीच्या पावत्या आणि जमाखर्च मराठीत. ऑर्केस्ट्रा आला, पण आदल्या रात्री शाळेच्या मुलांचे नाटकही झाले.

नाटकात गावातलीच, इंग्रजी शाळेत जाणारी एक मुलगी होती. घरी मराठीच बोलणारी, पण जोडाक्षर आले की अडायची. पहिल्या आठवड्यात तिची आई संवाद वाचून तिच्याकडून पाठ करून घेत होती. तिसऱ्या आठवड्यात दुसरे कुणी वाक्य विसरले की तीच वहीत बघून पुढचे सांगू लागली. म्हणून कुस्त्यांच्या दिवशी वर्गणीदारांची यादी ध्वनिक्षेपकावर वाचायचे काम आम्ही तिच्याकडे दिले.

आडनावांनी तिची परीक्षाच घेतली. चुकली की मैदानातून शंभर जण ओरडून नाव दुरुस्त करीत, आणि ती पुन्हा वाची. यादी लांबलचक होती. त्यामुळे पहिली कुस्ती अर्धा तास उशिरा लागली, आणि त्याबद्दल कमिटीला पैलवानांच्या वस्तादांचे बोल ऐकावे लागले.