संगणकाची तेरीज का जुळत नाही?

श्रीवर्धनची सुपारी असो की मुरूडची मासळी, उधारीशिवाय धंदा होत नाही. उधारीची वही आता संगणकात जात आहे. वही बदलली तरी नियम जुनाच आहे. रोजकीर्दीतील नोंदी आसामीवार खतावणीत गेल्या पाहिजेत आणि तेरीज जुळली पाहिजे. इंटरनेटवर चालणारे हिशेबाचे काही प्रोग्रॅम २००५ साली आलेल्या 'जँगो' या मोफत साच्यावर बांधलेले असतात. त्यात हमखास होणाऱ्या दोन चुका आम्ही व्यापारी बांधवांसाठी येथे देत आहोत.

पहिली चूक क्रम लावण्याची. आसामीवार बेरीज मागून यादी तारखेच्या क्रमाने लावली, की जँगो गट पाडताना तारीखही धरतो. मग एकच आसामी यादीत चार वेळा दिसते आणि प्रत्येक ठिकाणी फक्त त्या दिवसाची रक्कम येते. पूर्वी तक्त्याला कायमचा ठरवून दिलेला क्रमही असाच गटात शिरत असे. २०२० सालच्या ३.१ आवृत्तीपासून ते थांबले, पण स्वतः मागितलेला क्रम आजही शिरतो. म्हणून यादी नावाच्या किंवा एकूण रकमेच्या क्रमानेच लावावी.

दुसरी चूक अधिक महागात पडते. समजा, एका गिऱ्हाइकाची १०००, २००० व ३००० रुपयांची तीन बिले आहेत आणि त्याने १५०० व ५०० असे दोनदा पैसे भरले. खरी बाकी ४००० रुपये. बिले व जमा यांची बेरीज एकाच वेळी मागितली, तर प्रत्येक बिलासमोर प्रत्येक जमा मांडली जाते. बिले दुप्पट होऊन १२०००, जमा तिप्पट होऊन ६००० आणि बाकी ६००० दिसते! गिऱ्हाइकाकडे २००० रुपये नाहक मागितले जातील. अशा वेळी दोन्ही बेरजा स्वतंत्र 'सबक्वेरी'ने काढाव्यात. 'डिस्टिंक्ट' लावून भागत नाही, कारण सारख्या रकमेची दोन बिले मग एकच धरली जातात.

प्रोग्रॅम करणाऱ्याकडून जँगोने बनवलेली एसक्यूएल आज्ञा छापून घ्यावी. 'ग्रुप बाय' या शब्दांपुढे तारीख असेल, तर चूक तेथेच आहे. आणि तगाद्याला माणूस पाठवण्यापूर्वी दोन-तीन खाती हाताने जरूर जुळवावीत. पैसे उशिरा मिळाले तरी चालतील, पण चुकीच्या तगाद्याने तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही.