634: एका वर्षाचे आकडे

4 फेब्रुवारी 634, शुक्रवार. गाझाच्या पूर्वेला बारा मैलांवर अरब टोळ्या आणि रोमन सैन्य भिडले. रोमन पळाले आणि पॅलेस्टाईनमधली सुमारे 4,000 गरीब खेडूत माणसे मारली गेली: ख्रिस्ती, ज्यू, समरितन. थोड्याच वर्षांत एका सीरियाक पाद्र्याने ही नोंद केली. तिच्यात तारखेबरोबर वारही आहे, म्हणून माझा तिच्यावर भरवसा बसतो.

त्याच उन्हाळ्यात अजनादैनची लढाई झाली. तिथे रोमन सैन्य लाखभर होते, असे नंतरचे अरबी इतिहासकार लिहितात. आजचे अभ्यासक हा आकडा मानत नाहीत. नुसते पाणीच मोजा. माणशी रोज पाच लिटर धरले तरी पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजारी पन्नास टँकर. आणि घोड्यांचे तर अजून धरलेलेच नाही.

पाण्याची खरी किंमत अरब सेनापती खालिद इब्न अल-वलीदला ठाऊक होती. इराकची आघाडी सोडून वाळवंटातून सीरियाकडे निघताना त्याने तहानलेल्या उंटांना पोटभर पाणी पाजले, रवंथ करू नये म्हणून त्यांची तोंडे बांधली आणि वाटेत एकेक उंट कापून त्याच्या पोटातले पाणी घोड्यांना दिले, असे सांगतात.

मग 23 ऑगस्टला मदिनेत पहिले खलिफा अबू बक्र वारले. कारभार जेमतेम सव्वादोन वर्षांचा. त्यांनी नेमलेले उमर खलिफा झाले तेव्हा मदिनेपासून दमास्कस सरळ रेषेत हजारेक किलोमीटर, इराणची राजधानी टेसिफोनही जवळपास तेवढीच दूर. आणि दोन्ही दिशांना फौजा लढत होत्या. उमर यांनी खालिदला सरसेनापतीपदावरून काढले. शरदात फुरात नदीवर पूल तुटला आणि इराण्यांपुढे अरबांची वाताहत झाली. कित्येक जण बुडाले.

एवढा मार खाऊनही उमर यांच्या दहा वर्षांत सीरिया, इराक, इजिप्त आणि इराणचा मोठा भाग हाती आला. रोम आणि इराण 602 ते 628 अशी 26 वर्षे एकमेकांशी लढून खिळखिळे झाले होते, हे त्यामागचे मोठे कारण. 224 साली उभे राहिलेले ससानी घराणे 651 मध्ये मर्वजवळ संपले: 427 वर्षांचे राज्य, 634 नंतर अवघ्या 17 वर्षांत.