चार पंख्यांचा तोल

तुम्ही पतंग उडवला असेल. कन्नी बांधताना गाठ जराशी सरकली तर काय होते? पतंग एका बाजूला झुकतो, गरगर फिरतो आणि खाली येतो. म्हणून चांगला पतंगबाज आधी कन्नी तपासतो आणि मगच मांजा सोडतो. चार पंख्यांच्या ड्रोनचेही असेच आहे. तो हवेत उचलणे फारसे अवघड नाही. त्याला हवेत सरळ ठेवणे अवघड आहे.

अशा ड्रोनला क्वाडकॉप्टर म्हणतात. त्याची कल्पना नवी नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांनी चार मोठ्या फिरत्या पंख्यांचे एक यंत्र तयार केले. ते माणसाला घेऊन जमिनीपासून थोडेसे वर आले. पण तेव्हा त्याच्या चार कोपऱ्यांना चार माणसे ते धरून उभी होती! यंत्र उचलले गेले, तोल मात्र माणसांनी सांभाळला.

गेल्या वर्षी मालेगावातील आमच्या शाळेत नववीच्या चार मुलींनी असा ड्रोन बनवायचे ठरवले. मी त्यांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा एक मुलगी लगेच म्हणाली, "आपा, आपणही चौघी चार कोपरे धरू." मी नाही म्हणाले. का, ते पुढे सांगते.

सुरुवात वजनापासून केली. मुलींनी प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून वहीत नोंद केली. चार मोटारी मिळून सुमारे २०० ग्रॅम, त्यांचे चार वेगनियंत्रक १०० ग्रॅम, बॅटरी १८० ग्रॅम. प्लायवूडचा सांगाडा, तारा आणि इतर सामान धरून वजन एक किलोच्या आसपास गेले. आमची एक मोटार दहा इंची पंखा लावून पूर्ण वेगात सुमारे ८०० ग्रॅम जोर देते. म्हणजे चारींचा मिळून तीन किलोपेक्षा जास्त. जोर वजनाच्या दुप्पट तरी असावा, असा या कामातला साधा हिशेब आहे. तो नुसता वजनाएवढा असेल, तर वाऱ्याची झुळूक आल्यावर सावरायला काहीच शिल्लक राहत नाही.

आता पंख्यांची दिशा पाहू. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका दिशेने फिरला, की त्याचे धड उलट दिशेने फिरू पाहते. म्हणून त्याच्या शेपटीला लहान पंखा लावतात. क्वाडकॉप्टरला शेपूट नसते. त्याचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पंखे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात आणि उरलेले दोन उलट फिरतात. दोन्ही जोड्या एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात आणि धड स्थिर राहते. पुढे जायचे असेल, तर मागच्या दोन मोटारींचा वेग वाढवायचा आणि पुढच्या दोघींचा कमी करायचा. ड्रोन पुढे झुकतो आणि झुकलेल्या दिशेने सरकतो. त्याला वळवण्यासाठी एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी करतात. ड्रोनला सुकाणू नसते. सारे काम चार वेगांवर चालते.

पण हे वेग क्षणोक्षणी कोण बदलणार? माणसाची बोटे इतकी चपळ नसतात. तुम्ही मोबाइल आडवा धरलात की चित्रही आडवे होते. त्यामागे कल ओळखणारी एक चिमुकली चिप असते. ड्रोनच्या मध्यभागी असलेल्या उड्डाणनियंत्रकातही अशीच चिप असते. ड्रोन किती झुकला आणि किती वेगाने वळतो आहे, हे ती सेकंदाला शेकडो वेळा मोजते. त्यानुसार नियंत्रक प्रत्येक मोटारीला हुकूम देतो. १९०७ च्या त्या चार माणसांचे काम आता काड्यापेटीएवढी पट्टी करते.

महिनाभरात ड्रोन तयार झाला. चाचणीसाठी आम्ही त्याच्या चार भुजांना खालून नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या आणि त्यांची टोके वाळूच्या गोण्यांना अडकवली. मुलींना वीस पावले मागे उभे केले. मोटारी सुरू झाल्या, ड्रोन थरथरला आणि एका क्षणात उलटा झाला. दोन पंखे मोडून तुकडे दूर उडाले. मिनिटाला हजारो फेरे घेणारा पंखा बोट सहज कापू शकतो. ज्या मुलीला कोपरा धरायचा होता, तिने गुपचूप आपले हात मागे घेतले.

चूक कोठे झाली? पुष्कळ वेळ आम्ही नियंत्रकालाच दोष देत होतो. मग पंखे काढून मोटारींना चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि त्या हळू फिरवल्या. एक मोटार उलट फिरत होती. तिचा पंखा हवा खाली ढकलण्याऐवजी वर ढकलत होता. खरे तर ही तपासणी आधीच करायला हवी होती. तो दोष माझाच. मोटार उलट कशी करायची, या विचारात मी असतानाच एक मुलगी म्हणाली, "आपा, तीन तारा आहेत ना? कोणत्याही दोन बदला. आमच्या कारखान्यात मागाची मोटार उलट फिरली तर अब्बा हेच करतात." तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. तीन तारांच्या या मोटारीलाही तोच नियम लागू पडतो.

पुढचे दिवस नियंत्रकाची जुळणी करण्यात गेले. तो फार मंद ठेवला, तर ड्रोन दारुड्यासारखा डुलत राही. फार तिखट ठेवला, तर थरथर कापू लागे. मधला आकडा सापडेपर्यंत मुलींच्या वहीची सात पाने भरली.

बॅटरीचीही काळजी घ्यावी लागते. लिथियम पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोरदार असते, पण चुकीच्या वापराने ती पेट घेते. ती चार्ज होत असताना सोडून जाऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

कायदाही पाहावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल भाग आखलेले आहेत. हिरवा भागही १२० मीटर उंचीपर्यंतच मोकळा असतो. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला प्रयोगासाठी हिरव्या भागात, स्वतःच्या आवारात उडवताना नोंदणी आणि परवान्यातून सूट आहे. घराच्या गच्चीवर किंवा लग्नाच्या मांडवावर ती सूट चालत नाही. आम्ही नकाशा पाहिला आणि पोलीस ठाण्यातही कळवून ठेवले.

'थ्री इडियट्स' हा २००९ चा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात उडणारा ड्रोन पवईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांच्या 'आयडियाफोर्ज' या कंपनीने बनवला होता. आमच्या मुलींनी ते दृश्य इतक्या वेळा पाहिले, की शेवटी मला मोबाइल काढून घ्यावा लागला.

एका शुक्रवारी सकाळी वारा पडलेला असताना दोऱ्या सोडल्या. ड्रोन डोक्याच्या वर गेला आणि थांबला. कोणी टाळी वाजवली नाही. चौघी श्वास रोखून बघत होत्या. सहाव्या मिनिटाला बॅटरीचा इशारा वाजला आणि ड्रोन जरा तिरपा होऊन सतरंजीवर उतरला. आधी बॅटरीची तार काढली, मग पंखे उतरवले.

निघताना तारांची युक्ती सांगणारी मुलगी थांबली. "आपा," ती म्हणाली, "तो मोडलेला पंखा घरी नेऊ? अब्बांना दाखवायचा आहे."