पाण्यातून हायड्रोजन : फुकटचे इंधन नव्हे



मागील गट सभेत एका सभासदाने खिशातून जाहिरातीचा कागद काढला. "साहेब, ही डबी इंजिनाला बसवली की पंप पाण्यावर चालतोय म्हणं. इसार द्यावा का?" मी म्हटले, थांबा, आधी हिशेब बघू.

पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन असतात. विजेने पाणी फोडले की ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन व ८ किलो ऑक्सिजन निघतो. मात्र त्या एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज खर्ची पडते, आणि तो जाळून जास्तीत जास्त ३९ युनिटांएवढी उष्णता मिळते. इंजिनात त्यातलीही बरीच वाया जाते. म्हणजे धंदा तोट्याचाच!

मग शास्त्रज्ञ याच्यामागे का लागलेत? कारण आपला युरिया. युरिया होतो अमोनियापासून, आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात, व त्यातला बराचसा वायू परदेशातून येतो. पंजाबात नांगलच्या खत कारखान्याने १९६१ च्या सुमारास भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडूनच खत केले होते. पुढे तिथेही तेल आणि नंतर वायू आला. आता २०२३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान सुरू केले आहे.

इथे उत्प्रेरकाचे काम येते. समजा विहीर ४० फूट खोल आहे. पाइप अरुंद, बेंड जास्त, तर पंपाला ६० फुटांचा जोर लागतो. पाइप सरळ व रुंद टाकला तर जादा जोर वाचतो. पण ४० फूट काही चुकत नाहीत. उत्प्रेरक म्हणजे हा चांगला पाइप. तो वाया जाणारी वीज वाचवतो, नवी वीज निर्माण करीत नाही.

आम्ल पद्धतीच्या यंत्रात प्लॅटिनम व इरिडियम लागते. इरिडियम साऱ्या जगात वर्षाला दहा टनही निघत नाही. उसाचा एक ट्रकसुद्धा भरायचा नाही! म्हणून स्वस्त धातूंचा शोध चालू आहे. कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात निकेल टिकते, आणि त्यात लोखंड मिसळले की ऑक्सिजनच्या बाजूची अडचण पुष्कळ कमी होते. आम्लात मात्र हे धातू विरघळतात. शिवाय सौर वीज कधी येते, कधी जाते; अशा चालू-बंदमध्ये उत्प्रेरक वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. खरी कसोटी तिथेच आहे.

सांगायचा मुद्दा असा, की हे काम मोठ्या कारखान्यांचे आहे, डबीचे नव्हे. त्या सभासदाचा इसार खिशातच राहिला.

तोवर हातातला युरिया जपून वापरा. माती परीक्षण करा, हप्ते पाडा, खत मातीआड करा. वर फेकून पाणी सोडलं, तर नत्र उडून आणि वाहून जातंय, पैसा आपला जातोय.

– ऊस विकास अधिकारी